चोवीस यंत्रांची वही: एका नोकरीच्या शोधाचं प्रकरण

जून २०२४ मधल्या एका रविवारी तो आला, तेव्हा त्याच्या हातात बायोडाटाच्या बारा झेरॉक्स होत्या. "सर, कुठंही द्या. कसलंबी काम चालंल," हे त्याचं पहिलं वाक्य.

वाळूजच्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. आता छत्रपती संभाजीनगरातल्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी बसतो आणि नोकरी शोधणाऱ्या पोरांशी बोलतो. "काहीही चालेल" हे मी तिथे इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता ते ऐकलं की पोटात तुटतं. मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसलेलो आहे. ज्याला काहीही चालतं त्याला नेमकं कशासाठी घ्यायचं, हे त्या खुर्चीतल्या माणसाला कळत नाही, आणि दाराबाहेर अजून चाळीस जण थांबलेले असतात.

मुलगा परभणी जिल्ह्यातला, मानवत तालुक्यातल्या एका गावचा. हे प्रकरण लिहायला त्याने आनंदाने होकार दिला, फक्त नाव नको म्हणाला. वय चोवीस. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. मेकॅनिकलची पदविका २०२१ ची, ८६ टक्के.

हे ८६ टक्केच त्याला आडवे येत होते. २०२१ च्या उन्हाळी परीक्षा करोनामुळे ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या. त्या वर्षीचे टक्के बघून मुलाखत घेणारा मनातल्या मनात थोडे वजा करतो. पोरांचा यात काडीचाही दोष नाही. वर्कशॉप बंद होतं, लेथसमोर त्यांना कुणी उभंच केलं नाही. पण टक्क्यांचा जोर या बॅचपुरता ओसरला आहे, हे त्यांना कुणीतरी मोकळेपणाने सांगायला हवं होतं.

पदविकेनंतर तो स्पर्धा परीक्षेकडे वळला. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. खुल्या गटाचं शुल्क एक हजार रुपये होतं, ते आईने भरलं. निवड झाली नाही. "तीन वर्षं वाया गेली म्हणायलेत घरचे," तो म्हणाला, आणि ते त्याने स्वतःही खरं धरलं होतं.

चौसष्ट अर्ज

आतापर्यंत किती ठिकाणी अर्ज केले, असं विचारलं तर म्हणाला, "लई केले, सर." मी त्याला आठ दिवस दिले. मोबाइल, ईमेल, आठवण, जिथून मिळेल तिथून यादी करायला सांगितली: कंपनी, पद, तारीख, अर्ज कसा केला, पुढे काय झालं. हे काम पोरांना कंटाळवाणं वाटतं. मी मात्र यंत्र उघडण्याआधी नेहमी त्याचा इतिहास बघत आलो, आणि माणसाच्या बाबतीतही तसंच करतो.

यादी आली. २०२२ पासूनचे एकूण ६४ अर्ज. त्यातले ५१ नोकरीच्या ॲपवर एक बटण दाबून केलेले, नऊ ईमेलने, चार कंपनीच्या गेटवर वॉचमनकडे दिलेले. पदं बघितली तर क्वालिटी, प्रॉडक्शन, कॅड डिझाइन, विक्री, कॉल सेंटर. सगळीकडे एकच बायोडाटा. गावाजवळच्या मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात पन्नास रुपयांत करून घेतलेला, आणि वरच्या 'उद्दिष्टा'त तेच आव्हानात्मक वातावरणात काम करण्याचं वाक्य. त्याच दुकानातून निघालेले अजून दोन बायोडाटे त्या महिन्यात माझ्यासमोर आले होते, शब्द न शब्द सारखे.

फोन आले तीन. दोन लेबर कॉन्ट्रॅक्टरचे. तिसऱ्याने "नोकरी पक्की, फक्त रजिस्ट्रेशनचे पंधरा हजार भरा" असं सांगितलं होतं आणि हा व्याजाने पैसे काढायच्या बेतात होता. मी पहिल्यांदा ते थांबवलं. नोकरी देण्यासाठी कोणताही खरा कारखाना उमेदवाराकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन नाही, गणवेश नाही, लॅपटॉपची अनामत नाही. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची, लाजेने घरात बसायचं नाही.

यादी करताना अजून एक गोष्ट उघडी पडली. बायोडाटावरचा ईमेल पत्ता त्या दुकानदारानेच काढून दिला होता आणि पासवर्ड याला माहीतच नव्हता. माझ्यासमोर बसून त्याने मोबाइलवर कोड मागवून ते खातं उघडलं. आत एप्रिलमधलं एक पत्र होतं: लेखी चाचणीची लिंक, मुदत तीन दिवसांची. तो बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिला. मीही काही बोललो नाही.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी

ती यादी मी घरी आणून पुन्हा वाचली तेव्हा तारखांमध्ये एक भोक दिसलं. दोन्ही हिवाळ्यांत, डिसेंबर ते फेब्रुवारी, एकही अर्ज नाही. पुढच्या रविवारी विचारलं, "या दिवसांत काय करत होतास?"

"काही नाही, सर. जिनिंगला जायचो."

"जिनिंगला काय करायचास?"

"मिस्त्रीच्या हाताखाली. मशिनी चालू ठेवायच्या."

हे बायोडाटात कुठेच नव्हतं. का नाही, तर "ते काय कंपनीचं काम थोडंच आहे. हजेरीवर होतो, लेटरबी नाही." मला इथे थांबून थोडं लिहायचं आहे, कारण मराठवाड्यातल्या पोरांच्या बायोडाटात जे लिहिलेलं नसतं तिथेच बहुतेक वेळा खरा माल असतो. कुणी उसाच्या हंगामात ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप खोललेला असतो, कुणी मामाच्या दुकानात मोटारी रिवाइंड केलेल्या असतात, कुणी दाल मिलमध्ये चाळण्या बदललेल्या असतात. हे सगळं 'घरचं काम' म्हणून गाळलं जातं आणि त्या जागी 'छंद: वाचन, क्रिकेट' येतं.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी आणि रुई वेगळी होते. त्याच्या जिनिंगमध्ये दुहेरी रोलरची चोवीस यंत्रं एका रांगेत होती. चामड्याच्या रोलरवर खाचा असतात, त्यांनी कापूस ओढला जातो. एक नाइफ, म्हणजे पातं, रोलरला टेकलेली असते आणि हलणारी नाइफ सरकी झटकून पाडते. खाचा झिजल्या की माल कमी निघतो. मग रोलर काढायचा, खाचा पुन्हा पाडायच्या, बसवायचा, नाइफचं अंतर जुळवायचं. हवेत सतत तंतू आणि धूळ. बेअरिंगमध्ये ती शिरते, ग्रीस घट्ट होऊन जातं, बेअरिंग तापतं आणि धरतं. त्याने हे मला वीस मिनिटं सांगितलं, हातवारे करत, एकदाही न अडखळता. तोपर्यंतच्या दोन रविवारांत त्याने माझ्याशी सलग चार वाक्यं बोललेली नव्हती.

आणि मग सहज म्हणाला, "वहीत सगळं लिहिलेलं आहे."

वही

मिस्त्री जुना माणूस, लिहिता न येणारा. मालक सुटे भाग आणायला पैसे देईना, म्हणून त्याने याला सांगितलं होतं की कुठलं यंत्र कधी बंद पडलं, कधी चालू झालं आणि का, ते लिहीत जा, मालकाला दाखवू. दोनशे पानी वही, रकाने पट्टीने आखलेले, दोन हंगामांच्या नोंदी. मी ती हातात घेतली तेव्हा मला माझ्या पहिल्या नोकरीतलं ब्रेकडाऊन रजिस्टर आठवलं. खरं सांगतो, आमच्या रजिस्टरपेक्षा ही वही जास्त प्रामाणिक होती. आमच्याकडे शिफ्ट संपताना अंदाजे वेळा भरल्या जायच्या, इथे मिनिटं होती.

२०२३-२४ च्या हंगामाची बेरीज त्याच्याकडूनच करून घेतली. ९४ दिवसांत यंत्रं ३१२ वेळा थांबली, एकूण २०८ तास. सगळ्यात जास्त वेळा थांबली ती कापूस अडकल्यामुळे, १७१ वेळा. पण त्यात गेले फक्त ३८ तास. पट्टे तुटून किंवा घसरून ५४ वेळा, २७ तास. रोलरच्या कामासाठी ६५ वेळा, ८२ तास, आणि ते काम तर ठरलेलंच असतं. बेअरिंगमुळे फक्त २२ वेळा, पण तास गेले ६१, कारण दर वेळी नवं बेअरिंग परभणीहून आणावं लागायचं.

"म्हणजे मालकाला काय सांगशील?" मी विचारलं.

कागदाकडे बघत म्हणाला, "बेअरिंगचा एक डबा जागेवर ठेवा." मग जरा वेळाने, "सर, या बावीसातले चौदा सात, आठ आणि एकोणीस नंबरचे आहेत. त्या तिन्हींच्या मागं भिंत आणि खांब. तिथं ग्रीस गन जात नाही."

हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं. वेळा आणि तास यांतला फरक कारखान्यात नव्या इंजिनियरला शिकवताना आमचे महिने जायचे. याने तो चौकोनी कागदावर अर्ध्या तासात बघितला, आणि त्याच्या पलीकडे जाऊन यंत्राच्या मागची भिंतही बघितली.

बायोडाटा आम्ही एका पानाचा केला. उद्दिष्ट, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद, शेवटचं 'वरील माहिती खरी आहे', सगळं काढलं. नवा ईमेल पत्ता त्याने स्वतः काढला. सगळ्यात वर: दोन हंगाम, चोवीस यंत्रांची देखभाल, ३१२ थांब्यांची नोंद आणि त्यातून निघालेलं बेअरिंगचं कारण. खाली शिक्षण. तलाठी परीक्षेचं वर्षही लिहिलं, लपवलं नाही. फाइल मजकुराची पीडीएफ केली. बरीच पोरं कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो चढवतात, तो पोर्टलच्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येईलच असं नाही आणि अर्ज माणसापर्यंत पोहोचण्याआधीच मागे पडतो. बायोडाटा इंग्रजीतच ठेवला, कारण इथे तसाच लागतो, पण ज्या शब्दाचा अर्थ त्याला सांगता येत नव्हता तो प्रत्येक शब्द खोडला.

माझा हट्ट

यानंतर मी एक चूक केली. मला वाटलं, आता याने मोठ्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून जावं. शिकायला मिळेल, प्रमाणपत्र मिळेल, पीएलसी (यंत्र आपोआप चालवणारा छोटा संगणक) आणि न्यूमॅटिक्स (दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रणा) यांची कमतरता भरून निघेल. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे पदविकाधारक अप्रेंटिसला किमान विद्यावेतन तेव्हा महिन्याला ८,००० रुपये होतं. काही कारखाने वर थोडं द्यायचे. कॉन्ट्रॅक्टरकडचं काम चौदा हजारांचं असलं तरी एकाच प्रेसवर वर्षभर उभं राहून पोरगं तिथल्या तिथेच राहतं, असं माझं ठाम मत आहे आणि आजही आहे. त्याच सुमारास राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही सुरू झाली होती. त्यात आयटीआय आणि पदविकावाल्यांना सहा महिने दरमहा ८,००० होते.

तो गप्प बसून ऐकायचा आणि अर्ज करायचा नाही. मला राग यायचा. शेवटी ऑगस्टमध्ये बोलला: वाळूजजवळच्या रांजणगावात चौघांत खोली आणि मेस मिळून साडेचार हजार, आणि घरी बचत गटाचा हप्ता तीन हजार. आठ हजारांत त्याच्या हातात पाचशे रुपये उरत होते. मी हा हिशेब आधी विचारायला हवा होता. सल्ला बरोबर असूनही त्या घरासाठी तो चुकीचा होता, आणि माझ्या हट्टात त्याचे दीड-दोन महिने गेले.

त्याच दिवसांत, ३१ जुलैला, टोयोटा किर्लोस्करने इथे कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. वीस हजार कोटींचा आकडा पेपरात आला. बिडकीनला विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरच्या प्रकल्पाचीही घोषणा झालेली होती. अभ्यासिकेत पुढच्या रविवारी दुसरा विषयच नव्हता. ऑरिकचा, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या सुमारे दहा हजार एकरांच्या औद्योगिक शहराचा, मलाही अभिमान आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाल्यावर त्या भागाचं रूप कसं पालटलं, ते या शहराने पाहिलं आहे. पण करार झाल्यापासून यंत्राला माणूस लागेपर्यंत वर्षं जातात. आज हप्ता भरायचा असलेल्या पोराने त्या बातमीच्या भरवशावर बसून राहणं मला धोक्याचं वाटतं.

मग सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात त्याच्या कापसात पाणी साचलं. तो गावी गेला. महिनाभर रविवारी आलाच नाही. मी फोन केला तर म्हणाला, "पंचनाम्याला थांबलोय, सर."

ऑक्टोबरात परतला तो थेट एका मुलाखतीला. शेंद्र्यातला मोठा कारखाना, नव्या बायोडाटावर बोलावणं आलेलं. लेखी चाचणी निघाली. तोंडी परीक्षेत पीएलसीवर प्रश्न आला आणि याने येतं म्हणून सांगितलं. दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडला. "नाही येत म्हणलो असतो तर हाकललं असतं," असं त्याचं म्हणणं. मला नाही पटत. मी घेतलेल्या मुलाखतींमध्ये "हे येत नाही, पण हे येतं" म्हणणारी पोरं मी ठेवून घेतली आहेत; येत नसून येतं म्हणणाऱ्याला यंत्राजवळ सोडायची भीती वाटते, कारण तिथे बोटं जातात. मी त्याला हे जरा कडक शब्दांत सांगितलं. अठरा हजारांचा पीएलसीचा क्लास लावतो म्हणाला, तेव्हा आधी सरकारच्या भारत स्किल्स पोर्टलवरची आयटीआयच्या देखभाल ट्रेडची पुस्तकं वाचायला लावली. ती फुकट आहेत. सेन्सर म्हणजे काय, सोलेनॉइड व्हॉल्व्ह काय करतो, एवढं तरी त्यातून कळतं.

जालना

पुढचा रस्ता त्याचा त्याने काढला. मी एवढंच विचारलं होतं, की धूळ, पट्टे आणि बेअरिंगचं दुखणं अजून कुठे असतं? पुढच्या रविवारी उत्तर घेऊन आला: बियाण्याच्या प्लांटमध्ये. जालना म्हणजे १९६४ पासून, बद्रीनारायण बारवाले यांनी महिकोची सुरुवात केली तेव्हापासून, बियाण्यांचं गाव. तिथल्या प्रक्रिया केंद्रांत बी वर चढवणारे बकेट एलिव्हेटर, आकार आणि वजनाप्रमाणे ते वेगळं करणारे ग्रेडर आणि ग्रॅव्हिटी सेपरेटर चालतात, धुळीत, आणि खरिपाआधीच्या महिन्यांत त्यांना थांबून चालत नाही. वाहनांच्या कारखान्यासमोर हजार पदविकावाले रांगेत असतात. धुळीत अडकलेल्या बेअरिंगची वही घेऊन येणारा या प्लांटकडे कधी आला असेल?

पत्ता मिळाला तो परभणीच्या बेअरिंगच्या दुकानातून. जिनिंगची बेअरिंगं तिथूनच यायची, दुकानदार याला ओळखत होता. कुठल्या प्लांटला महिन्याला किती बेअरिंगं लागतात आणि कुठला फिटर काम सोडून पुण्याला गेला, हे अशा दुकानदाराइतकं कुणालाच माहीत नसतं. विचारायला याला संकोच वाटत होता, "वशिला लावल्यासारखं होतंय." ज्याने तुझं काम दोन वर्षं बघितलं त्याने तुझ्याबद्दल दोन शब्द सांगितले तर त्यात वशिला कसला, असं मी म्हणालो. दुकानदाराने जालन्यातल्या एका प्लांटच्या मेंटेनन्स प्रमुखाचा नंबर दिला. याने व्हॉट्सॲपवर चार ओळी मराठीत लिहिल्या: मी कोण, काय केलं, नोंदींचा एक कागद सोबत जोडला आहे, बोलावलं तर वही घेऊन येतो. तिसऱ्या दिवशी फोन आला.

नोव्हेंबरमधल्या त्या मुलाखतीत पहिला प्रश्न खंडाचाच होता. तीन वर्षं काय केलंस? त्याने सरळ सांगितलं: तलाठीची तयारी केली, झालं नाही, त्यातल्या दोन हिवाळ्यांत जिनिंगला होतो. वही टेबलावर ठेवली. साहेबांनी पाच-सहा पानं उलटली आणि एकोणीस नंबरच्या यंत्राबद्दल विचारलं. मग त्याला खाली प्लांटमध्ये नेलं, चालू एलिव्हेटरपाशी उभं केलं आणि म्हणाले, "सांग." त्याने यंत्राच्या संरक्षक जाळीच्या बाहेरून बेअरिंगच्या हाऊसिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "हे अजून महिनाभर जाईल. पलीकडचं नाही जाणार." पीएलसीचं विचारलं तेव्हा येत नाही म्हणाला.

डिसेंबरपासून रुजू झाला, सहा महिने प्रोबेशनवर. सांगितलेला पगार अठरा हजार. मी त्याला कागदावर सही करण्याआधी हातात काय येणार ते मांडायला लावलं: मूळ पगार बारा हजार, त्याच्या १२ टक्के भविष्य निर्वाह निधी म्हणजे १,४४०, ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, १३५; व्यवसाय कर २००. हातात १६,२२५. त्याने वीसची आशा धरली होती, तोंड थोडं उतरलं. पण निधी कापला जातोय आणि ईएसआयचं कार्ड मिळणार आहे, हे त्याने घरी आईला फोनवर दोनदा समजावून सांगितलं.

पीएलसी अजून यायचं आहे. इंग्रजीत मेल लिहायला अजून मला फोन करतो. मार्चमध्ये आलेला फोन मात्र वेगळा होता. प्लांटमध्येही त्याने वही घातली आहे, आणि एलिव्हेटरच्या वरच्या टोकाच्या बेअरिंगपर्यंत कुणी चढत नाही, त्यामुळे तिथे ग्रीस पोहोचत नाही, हे त्याला नोंदींत दिसलं होतं. खालून वरपर्यंत ग्रीसची नळी बसवायची परवानगी त्याने साहेबांकडे मागितली होती.

"किती फुटांची लागंल, सर," तो विचारत होता, "अन् एवढ्या लांब ग्रीस जातं का?"